मंगळवार पेठेतील एक औषध दुकान : क्रोन्सच्या एका रुग्णाचा अभिप्राय

कोल्हापुरात औषधांच्या दुकानांना तोटा नाही आणि त्यांतल्या एखाद्याविषयी मुद्दाम बसून लिहावे असे मला गेल्या वर्षापर्यंत कधी वाटले नव्हते. चिठ्ठी पुढे करायची, सूट किती ते विचारायचे, पैसे द्यायचे आणि घरी यायचे, एवढाच त्या दुकानांशी माझा संबंध. ज्या दुकानाविषयी हा अभिप्राय आहे तेथे सूट मिळत नाही, दुचाकीसुद्धा दोन घरे सोडून लावावी लागते आणि दुपारी दीड ते साडेचार दुकान बंद असते. तरीही राजारामपुरीत घराखाली दोन दुकाने असताना मी गेले चौदा महिने औषधांसाठी मंगळवार पेठेतल्या त्या बोळात जातो. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण ते चालवणाऱ्या फार्मासिस्ट बाईंनीच तसे बजावले आहे. "काका, लिहायचे ते लिहा, पण नाव घालू नका. उद्या लोक डॉक्टरांकडे जायचे सोडून माझ्याकडे यायला लागतील," असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले. पेठेतल्या लोकांना दुकान ओळखायला नावाची गरज पडणार नाही.

मला क्रोन्सचा आजार आहे. २०१६ मध्ये निदान झाले. त्याआधीची चार वर्षे माझ्या दुखण्याला सगळे "आव" म्हणत होते. आपल्याकडे ही गोष्ट अनेक रुग्णांच्या वाट्याला येते. पोटात कळ आली, शौचाला शेंब पडली की आवेची गोळी मिळते, दोन आठवडे बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन मुख्य आजार. त्यांची औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात आणि त्यांतली काही मज्जातंतूंना, काही झोपेला व मनाला, तर क्वचित एखादे थेट मेंदूला त्रास देऊ शकते, हे मला आठ वर्षांत कोणी एका दमात सांगितले नव्हते. डॉक्टर पोटाबद्दल विचारत, मीही पोटाबद्दलच सांगत असे. पायाची तक्रार पोटाच्या डॉक्टरकडे करायची असते, हे कोणाच्या डोक्यात येणार?

मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहे. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गाडीजवळ रव्यांची मोजदाद करून मी पेढीकडे परत निघालो, तेव्हा मागून एका हमालाने हाक मारली, "दिवाणजी, चप्पल राहिली की तुमची!" मी खाली पाहिले. डावा पाय अनवाणी होता, वैशाखातल्या तापलेल्या फरशीवर होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दहा-बारा पावले तरी मी तसाच चाललो असेन. सगळे हसले, मीही हसलो. त्याआधी महिनाभर दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या आणि तळव्याखाली कोणीतरी पातळ गोणपाट अंथरल्यासारखे वाटत होते, पण दिवसभर गादीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाला मुंग्यांचे नवल ते काय? मी कमरेच्या मणक्यावर ठपका ठेवला होता. घरी सौभाग्यवतींनी वातावर ठपका ठेवून तेल गरम करायला घेतले होते.

त्या दिवसांत मला भगंदराचा त्रास होता. क्रोन्समध्ये गुदद्वाराजवळ असे नाडीव्रण होतात आणि त्यांत पू धरला की मेट्रोनिडॅझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके द्यावी लागतात. फेब्रुवारीच्या मध्याला डॉक्टरांनी दोन्ही सुरू केली आणि चार आठवड्यांनी दाखवायला या, असे चिठ्ठीवर लिहून दिले. सिप्रोफ्लॉक्सासिन मी ठरल्याप्रमाणे थांबवले. मेट्रोनिडॅझोलने मात्र इतका आराम पडला होता, आणि गुळाचा हंगाम इतका भरात होता, की मी दाखवायला गेलोच नाही. तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या आणत राहिलो. घराजवळच्या ज्या दुकानातून आणत होतो तेथे या गोळीबद्दल मला एकच प्रश्न विचारला गेला, तोही डोळा मिचकावून : "पिता का?" पीत नाही म्हटल्यावर विषय संपला. चूक आधी माझी, हे मी नाकारत नाही. पण तीन महिन्यांत त्या काउंटरवरून तीच जुनी चिठ्ठी सात-आठ वेळा फिरून आली, आणि तिच्यावरची तारीख कोणीही वाचली नाही.

पंधरा मेच्या आसपास त्या दुकानातल्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून मी मंगळवार पेठेतल्या या दुकानात शिरलो. बाईंनी चिठ्ठी हातात घेतली, तारखेवर बोट ठेवले आणि विचारले, "ही गोळी कधीपासून चालू आहे, काका?"

"तीन महिने व्हायला आले."

"मध्ये बंद केली होती?"

"नाही."

"रोज तीनच? चारशेच्याच?" मी मान हलवली. त्यांनी एका जुन्या पावतीच्या पाठीवर तीन गुणिले चारशे मिलिग्रॅम केले, त्याला नव्वदने गुणले आणि कागद माझ्याकडे फिरवला : १०८ ग्रॅम. "पायाची बोटे बधिर वाटतात का हो?"

मी नकळत खाली चपलांकडे पाहिले.

पुढची दहा मिनिटे मागची रांग चुळबुळ करत असताना त्यांनी जे सांगितले, ते मला हिशेबाच्या भाषेत लगेच पटले. मेट्रोनिडॅझोलच्या रोजच्या मात्रेपेक्षा तिची एकूण बेरीज महत्त्वाची असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, एकूण ४२ ग्रॅमपेक्षा जास्त, म्हणजे साधारण चार आठवड्यांहून अधिक काळ, ही गोळी घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे १८ टक्क्यांना हातापायांच्या मज्जातंतूंचा त्रास झाल्याचे आढळले होते. त्याहून कमी घेतलेल्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत होते. ४२ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे, कोणाला आधी त्रास होतो, कोणाला दुप्पट घेऊनही होत नाही. पण घरी येऊन मी रोजमेळाच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडला : दिवसाला १.२ ग्रॅम, म्हणजे ४२ ग्रॅमला ३५ दिवस, म्हणजे १०५ गोळ्या. माझी ती बेरीज होळीच्या तोंडावरच पूर्ण झाली होती. त्यानंतरची प्रत्येक गोळी मी नावे टाकत गेलो आणि खाते कोणीच पाहिले नाही.

मणक्याचा आणि या त्रासाचा फरकही मला तेथेच समजला. मणक्यात नस दबली तर बहुधा एका पायाला कळ जाते. औषधाने होणारा त्रास दोन्ही पायांना सारखा होतो आणि बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो, कारण शरीरातल्या सर्वांत लांब नसांची टोके आधी कमजोर होतात. माझा मोजा तेव्हा घोट्यापर्यंत आला होता.

या दुकानाची खरी परीक्षा येथून पुढे होती, कारण रुग्णाला घाबरवून सोडणे सोपे असते. बाईंनी मला गोळी दिली नाही, पण "बंद करा" असेही स्वतःच्या अधिकारात सांगितले नाही. माझ्यासमोर माझ्या डॉक्टरांना फोन लावला, दोन वाक्यांत बेरीज आणि लक्षणे सांगितली, आणि फोन माझ्या हातात दिला. डॉक्टरांनी गोळी त्या क्षणापासून थांबवली व दुसऱ्या दिवशी बोलावले. चालू असलेली बाकीची औषधे एकही चुकवायची नाहीत, हे बाईंनी मला जाताना दोनदा बजावले. एका औषधाची भीती बसली की माणूस सगळीच औषधे सोडून देतो आणि मग आजार उसळतो, असे त्यांचे म्हणणे होते.

डॉक्टरांनी आधी बाकीचे संशयित तपासले. क्रोन्स लहान आतड्याच्या शेवटच्या भागात असेल, किंवा तो भाग शस्त्रक्रियेत काढलेला असेल, तर बी१२ शोषले जात नाही आणि त्याच्या कमतरतेनेही पाय असेच बधिर होतात. माझी बी१२ची सुई आधीपासून चालू होती आणि पातळी व्यवस्थित निघाली. साखरही नव्हती. मला टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत चालवून पाहिले, बोट नाकाला लावायला सांगितले, बोलण्यात अडखळतो का ते पाहिले, कारण हे औषध क्वचित लहान मेंदूलाही त्रास देते. तेव्हा माणूस प्यायल्यासारखा झोकांड्या खातो आणि एमआरआयमध्ये लहान मेंदूतल्या ठरावीक जागी दोन्ही बाजूंना सारख्या खुणा दिसतात. औषध थांबवले की त्या बहुतेक वेळा ओसरतात. (न पिणाऱ्याने प्यायल्यासारखे चालावे, हा आमच्या घराजवळच्या दुकानदाराच्या एकुलत्या एक प्रश्नाला चांगला जबाब झाला असता.) ती वेळ माझ्यावर आली नाही. मग नसांची तपासणी झाली. पायाला चिमटे लावून विजेचे लहान लहान झटके देतात; दुखते असे नाही, पण दर वेळी माणूस दचकतो. माझ्या संवेदनेच्या नसांचा प्रतिसाद क्षीण होता, वेग बराचसा ठीक होता. डॉक्टरांच्या शब्दांत, तारेवरचे आवरण शाबूत आणि आतली तार झिजलेली.

गोळी बंद झाली आणि मुंग्या वाढल्या. असे होऊ शकते हे बाईंनी आधीच सांगितले नसते तर मी नक्की समजलो असतो की निदानच चुकले. "बंद केल्या केल्या बरे वाटेल असे धरून चालू नका, काही आठवडे उलटे वाढल्यासारखे वाटेल," असे त्या म्हणाल्या होत्या. तीन आठवडे तसेच झाले; चौथ्यापासून उतार पडू लागला. दिवाळीपर्यंत घोट्यावरचा मोजा उतरून बोटांशी आला. श्रावणात अंबाबाईच्या देवळात प्रदक्षिणा घालताना ओल्या दगडाचा गारवा डाव्या तळव्याला लागला, तेव्हा मी मध्येच थांबलो आणि मागच्या बाई माझ्यावर आदळल्या.

दुकानाकडे परत येतो. बाईंकडे एक लांबट वही आहे, आमच्या खतावणीसारखी. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिच्यात एक पान असते. माझे पान काढताना त्यांनी एक गोष्ट विचारली जी डॉक्टरांच्याही नजरेतून सुटली होती : मध्यंतरी जुलाबाची गोळी घेतली होती का? घेतली होती. यात्रेला गेलो असताना एका दुकानातून ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडॅझोल एकत्र असलेली गोळी आणून पाच दिवस घेतली होती, आपल्याकडे ती पोट बिघडले की सर्रास मागितली जाते. ऑर्निडॅझोल आणि टिनिडॅझोल ही मेट्रोनिडॅझोलचीच भावंडे, आणि ऑफ्लोक्सासिन हे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातले. या दुसऱ्या घराण्यामुळेही मज्जातंतूंना इजा होते आणि ती कधी कधी कायमची राहते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्यांच्या माहितीपत्रकातला इशारा अधिक कडक केला. पाकिटावरची नावे वेगळी, पण खाते एकच. माझ्या पानावर लाल शाईने नोंद आहे की, ही दोन्ही कुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाहीत.

त्या वहीहून मला जास्त आवडतो तो रबरी शिक्का. दीर्घ मुदतीच्या औषधांच्या पावतीमागे बाई तो मारतात. त्यावर पाच शब्द आहेत : तळपाय, तोल, झोप, मन, नजर. प्रत्येक शब्दापुढे एक चौकोन. पुढच्या खेपेला पावती आणायची आणि त्रास असेल तेथे खूण करायची. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली माहितीपत्रके मी भिंगातून वाचून पाहिली आहेत. त्यांत सगळे असते, पण इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि पाकीट कापून दहा गोळ्या घेणाऱ्याच्या हातात ते पत्रक पडतच नाही. या पाच शब्दांत आमच्या आजाराच्या बहुतेक औषधांचे मज्जासंस्थेवरचे परिणाम येऊन जातात, हे मला नंतर लक्षात आले.

"झोप" आणि "मन" हे दोन शब्द प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडसाठी आहेत. २०१७ मध्ये मला रोज ४० मिलिग्रॅम चालू होते तेव्हा हा शिक्का असता तर आमच्या घरातले काही प्रसंग टळले असते. मी रात्री दोन तास झोपत असे, पहाटे तीनला उठून झालेल्या जमाखर्चाची पुन्हा बेरीज करत असे आणि दिवसा हमालांवर उगाच खेकसत असे. घरचे म्हणत, आजाराने स्वभाव बिघडला. आजाराने नव्हे, गोळीने. बॉस्टन येथील १९७२ च्या एका प्रसिद्ध पाहणीत दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनचेच भावंड) घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के रुग्णांत आणि ८० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांपैकी १८.४ टक्के रुग्णांत गंभीर मानसिक परिणाम दिसले होते. झोप उडणे आणि चिडचिड ही तर त्याहून पुष्कळ जास्त लोकांना होते. शिवाय स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. मला पाटावरून उठताना भिंतीला हात लावावा लागत असे, तेही मी वयाच्या खात्यावर टाकले होते.

या बाबतीत दुकान कसे वागते ते मी गेल्या पावसाळ्यात डोळ्यांनी पाहिले. कोलायटिस असलेल्या एका कॉलेजातल्या मुलाची आई घाईने आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, पोरगं चार दिस झोपलंच नाही ओ, नुसतं बोलतंय. कंपनीच काढणार म्हणतंय." रांगेतला एक जण हसला. बाई हसल्या नाहीत. गोळी किती मिलिग्रॅमची, कधीपासून, दिवसातून किती वेळा, हे विचारून त्यांनी त्या मुलाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आईला दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या : गोळी स्वतःहून एकदम बंद करायची नाही, आणि आजच्या आज डॉक्टरांकडे जायचे. स्टेरॉइड अचानक थांबवणे धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचे संप्रेरक बनवणे तोवर कमी केलेले असते. एरवी ज्यांना ही गोळी चालू असते त्यांना बाई ती सकाळी न्याहारीनंतर घ्यायला सांगतात आणि मात्रा उतरवण्याचे वेळापत्रक तारखा घालून लिहून देतात. हे काम कोणत्याही दुकानात होऊ शकते. पाच मिनिटे लागतात.

आतड्याचा दाह कमी करणाऱ्या मेसालाझिनबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. काहींचे डोके दुखते, बहुतेकांना तेवढेही होत नाही. सल्फासालाझिनने डोके जास्त दुखते आणि सोबत फॉलिक अॅसिड घ्यावे लागते, ते येथे न मागता आठवणीने दिले जाते.

"नजर" या शब्दाची कथा मात्र माझ्याच घरात घडली. प्रतिजैविके बंद झाल्यावर भगंदरासाठी डॉक्टरांनी इन्फ्लिक्सिमॅब हे सुईतून द्यायचे औषध सुचवले. माझ्या मुलाने रात्रभर मोबाईल पाहिला आणि सकाळी जाहीर केले की क्रोन्सच्या सुईने मेंदूत विषाणू पसरतो, बाबांनी ती घ्यायची नाही. मी त्याला घेऊन दुकानात गेलो. बाईंनी दुपारी दुकान बंद करता करता आम्हाला आत स्टुलावर बसवले आणि गुंता सोडवला. मुलाने वाचलेले औषध नॅटालिझुमॅब होते. त्याने पांढऱ्या पेशींना आतड्यात शिरायला मज्जाव होतो, तसा मेंदूतही शिरायला मज्जाव होतो. मग मेंदूवरचा पहारा उठतो आणि अनेकांच्या शरीरात निपचित पडलेला जेसी विषाणू क्वचित तेथे उसळतो. २००५ मध्ये ते बाजारातून काढून घेतले गेले आणि पुढच्या वर्षी कडक अटींवर परत आले. नंतर आलेले व्हेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्याच्याच वाटेवर पहारा ठेवते. आणि मला सुचवलेले इन्फ्लिक्सिमॅब या दोहोंपैकी नव्हे, ते वेगळ्याच मार्गाने काम करते. त्याचा क्वचित होणारा त्रास म्हणजे मज्जातंतूंवरचे आवरण सोलले जाणे, आणि त्याची पहिली खूण अनेकदा डोळ्यात दिसते : एका डोळ्याने अचानक धूसर दिसणे, डोळा हलवताना दुखणे. म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस (ज्यात मेंदूतल्या नसांचे हेच आवरण झिजते तो आजार) असलेल्यांना ते सहसा देत नाहीत. "घरात कोणाला तो आजार आहे का, तुमचे पाय आधीच बधिर आहेत, या दोन गोष्टी डॉक्टरांना सुई लावण्याआधी सांगा," एवढा सल्ला देऊन त्यांनी मुलाला विचारले, "आता तूच सांग, बाबांनी घ्यायची का नाही ते कोण ठरवणार?" मुलगा म्हणाला, "डॉक्टर." तेव्हा साडेतीन वाजले होते आणि त्यांचे जेवण राहिले होते.

सुईआधी क्षयाची तपासणी होते, कारण लपलेला क्षय तिने जागा होऊ शकतो. माझी रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली आणि आयसोनायझिड सुरू झाले. हे औषध शरीरातले बी६ कमी करते आणि तेही पायच बधिर करते! चिठ्ठीवर बी६ची गोळी होती, पण ती "ताकदीची" समजून अनेक जण वगळतात, असे बाई म्हणाल्या. मला त्यांनी दोन्ही गोळ्या एकाच पाकिटात घालून दिल्या आणि एकटी विकणार नाही म्हणून सांगितले.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी : दुकान दहा फुटांचे आहे आणि सगळे प्रश्न काउंटरवरच, रांगेच्या देखत विचारले जातात. शौचाला किती वेळा जाता, रक्त पडते का, हे मला माझ्या व्याह्यांच्या शेजाऱ्यासमोर सांगावे लागले. बायकांना हे किती अवघड जात असेल याची कल्पना करवत नाही. आतल्या बाजूला ते स्टूल आहे, एक पडदा लावला तरी काम भागेल. मी दोनदा सुचवले, दोन्ही वेळा "बघू" म्हणाल्या. दुसरी : संध्याकाळी सातनंतर बाई नसतात आणि त्यांचा मदतनीस मुलगा असतो. तो नम्र आहे, पण वही उघडत नाही, शिक्का मारत नाही. एकदा मी मुद्दाम मेट्रोनिडॅझोलची चिठ्ठी दाखवून पाहिली. त्याने पाकीट काढून दिले. १९४८ च्या फार्मसी कायद्यातले ४२ वे कलम म्हणते की नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय इतर कोणी औषध देऊ नये, आणि २०१५ च्या नियमावलीत रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. (बेचाळीस हा आकडा माझ्या मागेच लागला आहे.) बाईंना मी हे पाकीट दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिले. त्या रागावल्या, बहुधा थोड्या माझ्यावरही. त्यानंतर त्या मुलाला काही गोळ्यांच्या खणाला हात लावायची मनाई आहे, असे त्यानेच मला सांगितले.

औषध नसले तर मागवायला दोन-तीन दिवस लागतात, कार्डाचे यंत्र अधूनमधून रुसते, आणि गर्दीच्या वेळी प्रत्येकाची चौकशी होत असल्याने घाईत असणाऱ्याने येथे येऊ नये. ज्याला सर्दीची गोळी हवी आहे त्याने घराखालचे दुकान गाठावे. थंडपेटीत ठेवायच्या सुया येथे मिळत नाहीत. माझी इन्फ्लिक्सिमॅब रुग्णालयातच मिळते व तेथेच लागते.

एक काम या दुकानाने केले ते मला पूर्वी ठाऊकही नव्हते. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१० पासून आहे. त्याचे केंद्र गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे, आणि रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर त्रास कळवू शकतो. बाईंनी माझ्या पायांची नोंद तेथे करवली. फॉर्म भरताना औषध सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख हवी होती, दोन्ही माझ्या रोजमेळात सापडल्या.

परवा इन्फ्लिक्सिमॅबच्या सुईआधी फॉलिक अॅसिड आणायला गेलो तेव्हा मागची पावती दाखवली. तोल, झोप, मन, नजर हे चारही चौकोन कोरे होते. "तळपाय" पुढे मी अर्धी खूण केली होती. बाईंनी चष्मा वर सारून विचारले, "अर्धी म्हणजे?" डाव्या पायाची शेवटची दोन बोटे, असे मी सांगितले. त्यांनी वहीत तेवढेच लिहिले, तारीख घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली.